एक सपात तुझी, एक माझी

आधी हसली ती झहूर. हे तिला पुढे बरीच वर्षं ऐकून घ्यावं लागलं, म्हणून सांगून टाकलेलं बरं, की ते हसण्यासारखंच होतं.

मुलीच्या डोंगरातल्या घरी सोयरीक पक्की करणारी फातिहा म्हणायची वेळ झाली होती. मेक्नेस शहराहून आणलेले साखरेचे शंकू निळ्या कागदासकट मधोमध मांडलेले, खजूर आणि दूध सगळ्यांत फिरून झालेलं. मुलीच्या आजोबांनी, दद्दा आस्सूंनी, तळवे उघडायला बाह्या मागे सारल्या होत्या. तेवढ्यात मुलाचे आजोबा बा तैयब "जरा हातपाय धुऊन येतो" म्हणून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या पायात स्वतःची मेक्नेसची सपात होती, लिंबासारखी पिवळी, पातळ तळाची. डाव्या पायात मात्र दद्दा आस्सूंची, बकऱ्याच्या कातड्याची, ठिगळं लावलेली, भाकरीएवढ्या जाड तळाची. आणि उंबऱ्यापाशी काढायच्या सोडून तशाच घालून म्हातारा थेट गालिच्यावर उभा.

"अगं बाई!" झहूर म्हणाली. "बा, तुमच्या एका पायानं आपली आपण सोयरीक जुळवली की!"

सगळे हसले. झहूरचा नवरा सी तौहामी हसला, कारण बायकोचा विनोद पाहुण्यांना आवडला होता आणि असं रोज होत नाही. नवरा मुलगा घाली हसला, कारण सकाळपासून तो कशालाही हसत होता. मुलीची आई यामना तोंडावर पदर धरून हसली. आतल्या दाराशी उभी असलेली नवरी मुलगी इत्तोही हसली.

दद्दा आस्सू हसले नाहीत. ते बा तैयबच्या पायांकडे बघत होते. मग हात जमिनीला टेकून ते उठायला लागले. गुडघ्यांचं निमित्त सांगून आस्सू सरकारी अंमलदार घरी आला तरी उठत नसत, कलेक्टराच्या तोऱ्यातला फ्रेंच कप्तान आला तेव्हाही उठले नव्हते. ते आता भिंतीला धरून, दात खाऊन, पुरते ताठ उभे राहिले.

"हम्मू," ते आपल्या डोंगरी भाषेत म्हणाले. "तू हम्मू आहेस. आयत तिझी जमातीचा."

"यायला उशीर झाला," बा तैयब म्हणाले. त्याच भाषेत.

हसू कुठल्या कुठे गेलं. तौहामीला शब्द कळले नाहीत, पण भाषा कळली, आणि ती बापाच्या तोंडून आली हेही कळलं. दुकानात डोंगरातलं गिऱ्हाईक खोगीर घ्यायला आलं की बा शेजारच्या दुकानातून दुभाष्याला हाक मारत, त्याला चहा पाजत आणि प्रत्येक वाक्य अरबीत करून घेत. दुभाष्याचं वाक्य संपायच्या आत बाचं उत्तर तयार असे. तौहामीला ती आजवर धंद्यातली नजर वाटत आली होती.

"बा," तो म्हणाला, "हे तुम्ही काय बोललात?"

उत्तर आस्सूंनी दिलं, आता सगळ्यांना कळेल अशा अरबीत. "साखर परत गाडीत ठेवा. हात उघडू नका. हे लग्न होत नाही."

यामनानं दोन्ही गालांवर हात मारून घेतले.

*

झहूरच्या मनात या लग्नाचा जमाखर्च महिनाभर चालला होता. नावे पडलेल्या गोष्टी बऱ्याच होत्या: मुलीच्या आईच्या हनुवटीवरचं गोंदण, घरात शिरल्या शिरल्या येणारा धुराचा आणि मेंढीचा वास, मुलीचं नाव, जे मेक्नेसमध्ये चारचौघींत सांगायचं कसं हाच प्रश्न. जमेला एकच होतं: घालीला दुसरी नको होती. तेव्हा लग्न मोडलं हे ऐकून तिला आधी एक क्षणभर बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं, की मोडलं आहे ते त्यांनी.

"म्हणजे आम्हाला नाकारतात?" तिनं यामनाला कोपऱ्यात ओढलं. "आम्हाला? सपात बदलली म्हणून? आमच्या मशिदीबाहेर दर शुक्रवारी निम्मं गाव दुसऱ्याच्या सपाता घालून घरी जातं!"

"सपातेचं नाही हो, लल्ला झहूर. ताडा आहे ते."

"हा ताडा कोण आणखी?"

"कोण नाही. बंधन आहे." यामनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सांगताना आवाज मात्र स्वयंपाकाची कृती सांगावी तसा. "दोन जमाती मारामाऱ्या करून थकल्या की करायच्या. दोन्हीकडच्या लेकुरवाळ्या बायकांचं दूध एका परातीत काढायचं, त्यात कुसकुस कालवायचं, पुरुषांनी खायचं. मग पुरुषांच्या सपातांचे दोन ढीग. वर बुरनूस, लोकरी झगा, झाकायचा. एक म्हातारा न बघता हात घालतो, या ढिगातली एक, त्या ढिगातली एक. ज्यांच्या सपाता जोडीनं निघाल्या, ते एकमेकांचे ताडा. आणि घरी जायचं ते एक पाय आपल्या सपातेत, एक त्याच्या."

झहूरनं बा तैयबच्या पायांकडे पाहिलं. म्हातारा अजून तसाच उभा होता.

"बरं, मग? झाले जोडीदार. चांगलंच की."

"चांगलंच असतं. ताडा समोर आला की उठून उभं राहायचं, मग तो पोर का असेना. त्यानं ताडाच्या नावानं काही मागितलं की नाही म्हणायचं नाही. आणि एकमेकांच्या घरात लग्नाला पोरं द्यायची नाहीत. एक दूध प्यालेत ते. भावंडांहून जवळचे."

"आणि कोणी नाही म्हटलं तर?"

"नाही म्हटलेला माणूस मी पाहिलेला नाही," यामना म्हणाली. "त्याचं शेत दाखवतात लांबून. तिथे काही उगवत नाही."

झहूर मेक्नेसची. जिन्न, दृष्ट, दारावरचा पंजा, सगळं मानणारी. तिनं हळूच छातीवर बोटं टेकवली आणि मग स्वतःचाच राग येऊन काढून घेतली.

*

अंगणात अक्रोडाखाली तौहामी बापासमोर उभा होता. बापाला बसायला त्यानं गाडीतली उशी आणून दिली होती, कारण राग कितीही आला तरी रीत सुटत नाही.

"आपण अरब आहोत," तो म्हणाला. "समुद्रापलीकडच्या ग्रानाडाहून आलो आपण. तिथल्या घराची चावी दिवाणखान्यात टांगली आहे!"

"ती मी जुन्या बाजारातून आणली," बा तैयब म्हणाले. "कुलूप मिळालं असतं तर तेही आणलं असतं."

तौहामी उशीवर बापाशेजारी खाली बसला. उशी एकाचीच होती. तो अर्धा जमिनीवर बसला.

"आईला माहीत होतं?"

"तिच्या बापाला माहीत होतं. खोगीरवाला हुशार होता. म्हणाला, हात चांगला आहे, तोंड बंद ठेव." म्हाताऱ्यानं डोंगराकडे बोट दाखवलं. "फ्रेंचांच्या तोफा वर चढत होत्या, मी खाली उतरलो. मिसरूड फुटत होतं नुकतं. बाजारात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि सगळी गल्ली हसली. मग मिटलं. उघडलं ते अरबी आल्यावर."

"पण नंतर? नंतर तरी सांगायचं!"

"कधी? फ्रेंचांनी दोन कप्पे केले, डोंगरी या कप्प्यात, अरब त्या. यांचा कायदा वेगळा, त्यांचा वेगळा. मी ज्या कप्प्यात बसलो होतो तिथेच बसून राहिलो. मग ते गेले. राजधानीतून सांगितलं, कप्पे नाहीत, सगळे एकच, आणि त्या एकाचं नाव अरब. मी म्हटलं, चला, आपण आधीच तयार आहोत. तोवर तू दुकानावर बसायला लागला होतास, गिऱ्हाइकांना ग्रानाडाची गोष्ट सांगायला लागला होतास. माझ्यापेक्षा रंगवून सांगायचास."

तौहामीच्या कानशिलापर्यंत रंग चढला. ग्रानाडाच्या गोष्टीतलं कारंजं त्यानंच घातलं होतं.

"आज सकाळी गाडी खिंडीतून वळली तेव्हा तुम्ही गप्प झालात. झहूर म्हणाली, गाडी लागली."

"लागलीच."

"ती सपात... चुकून घातलीत ना, बा?"

"पायाला विचार," बा तैयब म्हणाले.

*

घाली आझरूच्या सरकारी दवाखान्यात गुरांचा डॉक्टर होता. दोन वसंतांपूर्वी मेंढ्यांना लस टोचायला या गावात आला आणि शाळेच्या पायरीवर पोरांना पाढे म्हणायला लावणाऱ्या इत्तोनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "डॉक्टर, सुई मेंढीला टोचताय की मेंढीच्या मालकाला? ओरडतोय कोण बघा." तेव्हापासून या गावातल्या मेंढ्यांची तब्येत सरकारला फार महत्त्वाची वाटायला लागली होती.

आता मेंढवाड्याच्या दगडी कुंपणापाशी तो तिला सांगत होता, "काझीच्या कुठल्याही पुस्तकात हे नाही. मी वीस जाणकार आणून दाखवतो, धर्मात अशी बंदी नाही. गाडी खाली उभी आहे. चल."

"आणि आई?"

"तिलाही घे."

"ती येणार नाही. आणि इथे राहिली तर उद्यापासून तिला विस्तवसुद्धा कोणी देणार नाही. शेजारीण पाण्यावर भेटली की घडा उचलून निघून जाईल." इत्तोनं कुंपणातला एक सुटा दगड काढून परत नीट बसवला. "दद्दा वाईट नाही रे. बाप गेला तेव्हा त्यानंच मला शाळेत घातलं, सगळ्या जमातीशी भांडून. पण त्याचा शब्द म्हणजे शब्द. मोडत नाही, वाकत नाही."

"मग संपलं?"

 हळूहळू इत्तोच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो गणित न येणाऱ्या पोराला दुसऱ्या बाजूनं पकडताना यायचा.

"ताडाला नाही म्हणता येत नाही, बरोबर?"

"मला काय विचारतेस? ते तुम्हा लोकांचं."

"आता तुम्हा लोकांचंही आहे, डॉक्टर," इत्तो म्हणाली. "चल, तुझ्या आजोबांकडे."

अक्रोडाखाली ती बा तैयबसमोर उकिडवी बसली आणि त्यांच्याशी डोंगरी भाषेत बोलली. तौहामी आणि घाली बाप-लेक तोंडाकडे बघत राहिले. म्हाताऱ्यानं एकदा मान हलवली, नाही. तिनं पुन्हा काही सांगितलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. मग त्यानं तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि उठला.

"काय म्हणाली?" तौहामीनं विचारलं.

"म्हणाली, इतक्या वर्षांत ताडाकडे तुम्ही काहीच मागितलेलं नाही," बा तैयब म्हणाले. "शिल्लक खूप आहे म्हणाली."

*

आत झहूर यामनाचा हात धरून बसली होती. तासाभरापूर्वी हिच्या गोंदणाकडे बघवत नाही असं मनात म्हणणारी बाई आता तिला सांगत होती, "तुम्ही अजिबात रडू नका. पोरगी माझी आहे. अशी पोरगी आमच्या सगळ्या गल्लीत नाही. आम्हाला नाही म्हणतात म्हणजे काय!" उलट यामना, जिनं या लग्नासाठी सकाळपासून भट्टीत मेंढी भाजायला लावली होती, तीच आता कुजबुजत होती, "नको हो, लल्ला. घालवून टाका विषय. गारपीट होईल, जनावरं गाभ टाकतील, माझ्या पोरीच्या पोटी..." बायकांनी एकमेकींच्या बाजू बदलून घेतल्या होत्या.

बा तैयब आत आले. पायांत अजून त्याच दोन सपाता. आस्सू पुन्हा उठले. या वेळी त्यांना वेळ लागला.

"ताडाच्या नावानं मागतो," बा तैयब म्हणाले. आधी डोंगरी भाषेत, मग अरबीत, सगळे साक्षीला असावेत म्हणून. "इत्तो मला दे."

 चुलीवरच्या किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं.

आस्सूंनी डोळे मिटले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी हिशोबात कधी चूक केलेली नव्हती. मेंढ्यांच्या नाही, माणसांच्या नाही. एका बाजूला देता येत नाही, दुसऱ्या बाजूला नाही म्हणता येत नाही. म्हाताऱ्याच्या कपाळावरची शीर उडताना खोलीतल्या सगळ्यांना दिसली.

"दिली," ते म्हणाले.

झहूरनं मान मागे टाकली आणि आनंदाची ती लांब, थरथरती किलकारी तिच्या गळ्यातून सुटली, अशी की खाली गाडीपाशी कुत्री उठून उभी राहिली.

"मुलगी म्हणून," आस्सू म्हणाले.

किलकारी मध्येच तुटली.

"तू मागितलीस, मी दिली. नाही म्हटलं नाही. आजपासून इत्तो तुझी मुलगी. ही तौहामीची बहीण. हा डॉक्टर तिचा भाचा." आस्सूंनी डोळे उघडले. त्यांत जिंकल्याचा आनंद नव्हता, पण काम नीट बसल्याचं समाधान होतं. "आत्या-भाच्याचं लग्न काझीच्या पुस्तकातही चालत नाही."

घाली भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला.  दिवसाच्या सुरुवातीला तौहामीला बाप होता, दुपारी बाप बदलला, आणि आता बहीण झाली होती. यामनाच्या डोळ्यांपुढे पाण्यावरच्या शेजारणी आल्या. मुलगी लग्न न होता घरातून गेली, ती कशी गेली म्हणून लोकांना सांगायची?

"थांबा," झहूर म्हणाली, अगदी हळू. "म्हणजे मी सून न्यायला आले आणि नणंद घेऊन चालले?"

कोणी हसलं नाही. या वेळी तिचाही हसवायचा हेतू नव्हता.

बा तैयब जागच्या जागी वाकल्यासारखे झाले. "मी नीट मागितलं नाही," ते पुटपुटले. "इतक्या वर्षांनी बोललो. शब्द कमी पडले."

इत्तो दाराशी उभी होती. रंग पार उतरलेला. तिनंच खोदलेल्या वाटेवर तिच्याच आजोबांनी दगड आणून ठेवला होता. मग ती घरातली पोर जे करते तेच करायला निघाली: जाण्याआधी आजोबांच्या हाताचं चुंबन घ्यायला.

आस्सू नुकते खाली बसले होते. ती तीन पावलांवर आली आणि आस्सूंनी पुन्हा भिंत धरली. गुडघा मोडल्यासारखा वाजला. ते उठले.

इत्तो थांबली. "दद्दा, बसा ना. माझ्यासाठी कशाला उठता?"

"तू ताडाच्या घरची," आस्सू म्हणाले. "उठावं लागतं."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो. ते तिच्या चेहऱ्यावर त्यांना आधी दिसलं. लहानपणी ती तोंडी हिशोब करायची तेव्हा उत्तर यायच्या आधी तिच्या भुवया अशाच वर जायच्या, आणि ते इतरांना अभिमानानं दाखवायचे.

"इत्तो," ते म्हणाले. "नको."

"ताडाच्या नावानं मागते, दद्दा." तिचे शब्द एकेक करून येत होते, फळ्यावर लिहावे तसे. "मघाशी तुम्ही एक वाक्य बोललात. त्यातलं शेवटचं परत घ्या. 'मुलगी म्हणून', तेवढंच. आधीचा शब्द राहू द्या."

आस्सू उभेच होते. बसावं तर समोर ताडा, आणि उभं राहावं तर गुडघे थरथरत होते.  आपल्या हातानं शाळेत घातलेल्या पोरीकडे म्हातारा बघत राहिला, एखाद्यानं आपलाच मजबूत दोर आपल्याच हाताला बांधलेला बघावा तसा.

"घेतलं परत," ते म्हणाले.

झहूरचा हात गळ्याशी गेला, पण किलकारी आली नाही. आस्सूंचा चेहरा तसा नव्हता.

"आता मी मागतो, हम्मू," आस्सू म्हणाले. "ताडाच्या नावानं. शेवटचं."

"माग," बा तैयब म्हणाले. त्यांना कळलं होतं. मागण्याआधीच ते खाली वाकायला लागले होते.

"माझी सपात दे."

सपातेनं जोडलेलं सपातेनंच सुटणार होतं; बा तैयबना ती पायातून निघेना. तौहामी पुढे झाला, त्यांनी त्याला हातानं मागे सारलं. जाड तळाची ती सपात काढून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली. आस्सूंनी ती घेतली, खाली ठेवली, पाय घातला. मग बाह्या मागे सारल्या आणि जागेवर बसले. सावकाश, पूर्ण, मांडी घालून.

"बसा," ते मेक्नेसच्या पाहुण्यांना अरबीत म्हणाले. "हात उघडा. तुम्ही शहरातले, आम्ही डोंगरातले. फारशी ओळख नाही. पण मुलगा बरा दिसतो."

फातिहा झाली. सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. यामनानं दूध पुन्हा फिरवलं आणि इत्तोचा पेला भरताना ते गालिच्यावर सांडलं. घालीनं आपला पेला हातात धरला, पण पिण्याचं त्याला सुचलं नाही. झहूरनं साखरेच्या शंकूचा निळा कागद सरळ करून ठेवला, मग पुन्हा सरळ केला.

निघताना बा तैयब उंबऱ्यापाशी आले. त्यांची डावी सपात तिथेच पडलेली होती, लिंबासारखी पिवळी. त्यांनी ती घातली. जोडी बरोबर जुळली.

त्यांनी मागे वळून पाहिलं.

आस्सू उठले नाहीत.